आकडा

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या अलीकडे मी.
पलीकडे टेबलावर नबीलाल मुलाणी, वय त्रेपन्न,
वायरमन, तासगाव ग्रामीण.
पाठीला पट्ट्या चिकटवलेल्या,
जांघेतून तीन तारा आत गेलेल्या,
आणि तो जागा आहे, गप्प बसत नाही.

"छातीत मोटर सुटल्यागत हुतंय बाई,
आन् दवाखान्यात आलं की बंद."
मी म्हटलं, काका, सापडल्याशिवाय कसं कळणार.
"फाल्ट असाच असतो.
रातभर लाइट जात-येत राहती,
आमी शिडी लावली की गुमान उभी."

वर्षभर हिंडला. सांगली, कोल्हापूर, परत सांगली.
कागदाच्या पट्ट्यांवर सगळे डोंगर सारख्या उंचीचे निघाले.
एकाने ॲसिडिटी म्हटलं.
एकाने, विचार कमी करा.

डॉक्टर आवटी तारेचं टोक आतल्या भिंतीला टेकवतात,
माझ्या पडद्यावर एक ठिपका.
परत टेकवतात. परत ठिपका.
प्रत्येक ठिपक्याला एक आकडा:
वीज इथं किती आधी पोचली, किती उशिरा,
सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात.
मी तपासते, खोटे पुसते.
हळूहळू अंधारातून एक पोकळी वर येते,
फुटक्या मडक्यासारखी, एका बाजूने अजून उघडी.

पण सगळं शांत आहे. बहात्तर. बहात्तर.
शांत हृदयाचा नकाशा काढून काय उपयोग.
मग औषध. मग बाहेरून दिलेले ठोके,
एकामागे एक, शेवटचा मुद्दाम घाईने.
डिवचणं म्हणतो आम्ही त्याला.
अर्धा तास त्याला डिवचत राहिलो.

आणि सुटली. एकशे अठ्ठ्याऐंशी.
"हीच! हीच बगा ती!" नबीलाल ओरडला,
बाजारात हरवलेलं म्हसरू दिसावं तसा.
कपाळभर घाम, ओठ पांढरे, आणि तोंडावर हसू.
तो खोटं बोलत नव्हता याचा पुरावा
पहिल्यांदाच चार माणसांदेखत धडधडत होता.

आता ठिपके भराभर.
जांभळा उशिराचा, त्याच्या आधी निळा, हिरवा, पिवळा,
ओढ्याच्या उगमाकडे चालत जावं
तसे रंग मागे मागे जातात,
एका कडेला लाल होतात.
त्या लालात ज्वारीच्या दाण्याएवढी जागा,
जिथं सगळ्यांच्या आधी ठिणगी.
उणे अडतीस.
"मिळाला आकडा," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.

"आकडा?" त्याने मान वळवली. "कुणी टाकलाय?"
खोलीत हसू पसरलं. तो हसला नाही.
"मेन लाइनवर चोरून टाकलेला दिसतोय.
एकतीस वर्षं काढत आलो, बाई.
शिव्या खाल्ल्या, एकदा कोयता बघितला.
एकच ठेवला.
सावळजला, सासऱ्याच्या मळ्यात.
बायकूला म्हाईत न्हाई."

झोपेचं औषध तसं थोडंच दिलं होतं आम्ही.

डॉक्टर म्हणाले, आता हलू नका.
टोक तापतं, साठ अंशाला.
मी मोजते. एक. दोन. तीन.
चौथ्यावर ती तुटली.
मधे एक लांब सपाट रेघ,
जिच्यात माझाही श्वास अडकला,
मग एक ठोका. मग दुसरा.
शहाण्णव, मुकाट, रांगेत.

त्यानंतर तीस मिनिटं थांबायचं असतं.
चहा येतो. कुणी पीत नाही, साय धरते.
मग परत डिवचायचं, ती येते का बघायला.

डॉक्टरांनी विचारलं, तयार?
मला विचारलं होतं.
उत्तर टेबलावरून आलं, डोळे मिटलेलेच:
"खांबावर कुणी न्हाई न्हवं?
मग सोडा."

मी काचेतून उगाच एकदा वर बघून घेतलं
आणि बटण दाबलं.